वेचून साफ केलेली वाट

१

पहिल्याला बाहेर काढायला गळ आणि दोर लागले, आणि बाहेर काढल्यावर त्याच्याजवळ जायला कोणी तयार होईना.

गावाबाहेरचं सांडपाण्याचं केंद्र कित्येक वर्षं बंद पडलेलं होतं. तिथल्या शेवटच्या टाकीवर फळ्यांचं झाकण होतं, ते कुजून भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं झालेलं. त्याच्या मधोमध माणूस मावेल एवढं भगदाड पडलं होतं आणि खाली काळा, घट्ट, बुडबुडे सोडणारा गाळ होता. ज्या दोघांनी दोर ओढला ते भिंतीआड जाऊन ओकून आले. पहिल्याच्या गळ्यात त्याचं दिशा दाखवणारं यंत्र तसंच अडकलेलं होतं. यंत्र महागाचं, चिखलपाण्याला न जुमानणारं. कोणीतरी चिंधीने त्याचा पडदा पुसला, तर त्यावर अजून अक्षरं होती, की तुम्ही ठिकाणावर पोचला आहात.

पहिला हे त्याचं खरं नाव नव्हे. त्याचं टायरचं दुकान होतं, आणि सुट्टीच्या दिवशी खजिना शोधण्याचा नाद होता. खजिना म्हणजे काय, तर कोणीतरी एखादी डबी पुलाखाली, झाडाच्या ढोलीत, पडक्या भिंतीत लपवायची, उपग्रहाच्या यंत्रावर ती जागा मोजायची आणि आकडे गटाच्या पानावर टाकायचे. बाकीच्यांनी आपापली यंत्रं घेऊन ती हुडकायची, आतल्या चिठोऱ्यावर सही करायची आणि डबी होती तशी ठेवून यायचं. डबीत निघणार एखादी शिट्टी नाहीतर चावीची साखळी. पण चिठोऱ्यावर सगळ्यात वर कोणाची सही, याचा मान फार. ती सही वर्षानुवर्षं टायरवाल्याचीच असे, म्हणून तो पहिला.

या वेळची डबी दोन टप्प्यांची होती. पानावरचे आकडे फक्त केंद्राच्या फाटकापर्यंत नेत. फाटकाच्या खांबामागे पत्र्याचा तुकडा अडकवलेला, आणि त्यावर ठोकलेले पुढचे आकडे शोधणाऱ्याला पंपघराच्या पायरीशी नेणार, असा बेत होता. पायरीखाली डबी होतीही, कोरी, कोणाचीच सही नसलेली. पत्र्यावरचे आकडे मात्र टाकीच्या मधोमध नेत होते.

डबी लपवणारा आणि पत्रा लावणारा होता छोट्या.

२

छोट्या म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. साठीला टेकलेला, चष्म्याच्या दुकानाचा मालक, आणि दारातून आडवा होऊनच आत येणारा. तरी घरात तो छोट्याच. दोघंही एकटी, म्हणून एकाच घरात राहत. ताई विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासायची. लोकांची खोटी दुखणी आणि मुद्दाम लावलेल्या आगी बघून बघून तिला माणसांची शिसारी बसली होती, आणि ती ते लपवतही नसे. या खेळाबद्दल तर तिचं मत ठरलेलं होतं. घोडे झालेत आणि डब्या शोधत हिंडतात.

आता तोच घोडा जेवणाच्या टेबलाशी बसून होता आणि ताटाला हात लावत नव्हता. पोलिसांनी अपघात लिहिला होता, पण छोट्याला परत बोलावलं होतं. त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. अंत्यविधीला पहिल्याच्या बायकोने सगळ्यांसमोर त्याला विचारलं होतं, की भावजी, तुम्ही त्याला तिथे का धाडलंत. ते त्याच्या काळजात रुतून बसलं होतं.

ताईने त्याला खोदून खोदून विचारलं. आकडे ठोकताना ताडून पाहिले होते का? एकदा पाहिले होते. नक्की? आता नक्की काहीच वाटत नाही.

"मीच चुकलो असेन, ताई," तो म्हणाला. "दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावतो, आणि स्वतः आकडा चुकलो. मला फक्त एवढं कळू दे. मी मारलं का त्याला?"

ताईने त्याच्यापुढचं ताट उचललं. मग तिने विचारलं, की टाकी उघडी होती हे तुला दिसलं नाही का. छोट्या म्हणाला, उघडी कुठे होती, टाकीभोवती लाल-पांढरी फीत बांधलेली होती, धोक्याची. डबी लपवायची जागा शोधताना त्याने ती लांबून पाहिली होती. म्हणूनच तर त्याने पंपघराची बाजू निवडली.

ताई दुसऱ्या दिवशी केंद्राच्या राखणदाराला भेटली. तोही तेच म्हणाला. टाकीत कुत्रं पडलं होतं, म्हणून नुकतीच त्याने फीत बांधली होती. पण पहिला सापडला तेव्हा तिथे फीत नव्हती, तिचा तुकडादेखील नव्हता. वरच्या साहेबांनी काखा वर केल्या आणि राखणदाराला खोटारडा ठरवलं. पोलिसांनी छोट्यालाही त्याच माळेत ओवलं.

दोन माणसं, एकमेकांना न ओळखणारी, आणि दोघांचं खोटं तंतोतंत एकच. ताईला धंद्यात असलं खोटं कधी भेटलं नव्हतं. म्हणजे फीत खरी होती, आणि ती काढणाऱ्याने पत्राही बदलला असणार.

३

ती आधी गटाच्या अध्यक्षाकडे गेली. हा दातांचा डॉक्टर. दवाखान्यात लवंगेच्या तेलाचा वास, भिंतीवर गटाच्या सहलींचे मोठाले फोटो, आणि डॉक्टर स्वतः खुर्चीत रेललेला. पहिल्याबद्दल दोन शब्द हळहळून झाल्यावर त्याने खरी अडचण सांगितली. पहिला पहिल्या टप्प्यापर्यंत पोचला होता; तेव्हा ही डबी त्याच्या नावावर धरायची की नाही, यावरून गटात दोन तट पडले होते. ताईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. माणूस गटारात बुडून मेला होता आणि हे त्याच्या सहीचा हिशोब करत होते.

पत्र्यावर आकडे ठोकायचे ठसे कोणाकडे असतात, असं तिने विचारलं. ते गटाचे, डॉक्टरच्या गॅरेजमध्ये पडलेले, कोणीही न्यावे. डबीची बातमी पानावर आदल्या दिवशी दुपारी आली होती आणि पहिला निघाला तो सकाळी उजाडताच, म्हणजे पत्रा बदलायला संध्याकाळ सगळ्यांनाच मोकळी होती. डॉक्टरला तिचा रोख आवडला नाही. आमचा गट असला तसला नाही, म्हणून त्याने तिला गटाचं मोठेपण ऐकवलं. त्यांचा एक नियम होता. डबी शोधून परत येताना वाटेवरचा कचरा वेचून आणायचा. जाताना नाही, कारण तेव्हा हातात यंत्र असतं, येताना. प्रत्येकाच्या पिशवीला त्याच्या रंगाचा दोरा. पिशव्या गॅरेजमध्ये जमायच्या, महिन्याअखेर वजन व्हायचं आणि सगळ्यात जास्त कचरा आणणाऱ्याला बिल्ला मिळायचा. या महिन्याचं वजन दुःखामुळे लांबलं होतं.

तिथून ती टायरच्या दुकानात गेली. पहिल्याचा मेहुणा, बायकोचा भाऊ, त्याच्या खुर्चीत आधीच ऐसपैस बसला होता. तोही गटातला, दोर ओढणाऱ्या दोघांपैकी एक. बहिणीचा नवरा गेला याचं दुःख त्याने तोंडाने सांगितलं, पण दुकानाच्या पाटीचं माप घ्यायला रंगारी आला होता, त्याच्याशी तो जास्त जीव लावून बोलला. ताईने त्याला तिथेच लोभी ठरवलं. पण वीस वर्षं लोभी माणसं पाहून तिला एक ठाऊक होतं. लोभी माणूस इतका उघडा पडत नाही, जर त्याला काही लपवायचं असेल.

शेवटी ती फोटोवाल्याच्या स्टुडिओत गेली. गटात पहिल्याच्या खालोखाल याचंच नाव. चिठोऱ्यावर दुसरी सही नेहमी याची. भेटल्या सगळ्यांत हाच एक माणसासारखा वाटला. त्याने तिला चहा दिला, पहिल्याच्या आठवणी काढल्या, डोळे पुसले. छोट्याला दोष देऊ नका म्हणाला, वयाने होतं असं कधी. आपण त्या केंद्राकडे कधी फिरकलोही नाही, ती घाण आपल्याला सोसत नाही, असंही त्याने सांगितलं.

"आणि तिथे कोण मदतीला येणार होतं, ताई?" तो म्हणाला. "खडीचे ट्रक एवढे धडधडत जातात, की माणूस ओरडला तरी शेजारच्याला ऐकू जायचं नाही."

ताई चहा संपवून निघाली. वाक्य चांगलं होतं, कळवळ्याचं होतं. पण ते तिच्या दातात काहीतरी अडकावं तसं अडकून राहिलं.

४

केंद्राच्या फाटकाशी ती पोचली तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हतं. ती उभी राहून ऐकत राहिली. एकही ट्रक गेला नाही. रस्ता तिथेच संपत होता.

आत गेल्यावर तिने पदर नाकाला लावला. घाण तरी किती असावी माणसाने करून ठेवलेली. दारूच्या बाटल्या, चिप्सची पाकिटं, बाळांचे भरलेले डायपर, वापरलेल्या सुया, फाटून पोटातला कापूस बाहेर आलेली गादी. पाय ठेवायला जागा नव्हती. पंपघराकडे कचरा, टाक्यांच्या मधल्या वाटांवर कचरा, पोलिसांनी आणि दोरवाल्यांनी तुडवून चिखलात बसवलेला कचरा. ती शेवटच्या टाकीशी आली, भगदाडात एकदा डोकावली आणि दोन पावलं मागे सरली. मग टाकीला वळसा घालून पलीकडे गेली आणि थबकली.

तिथून मागच्या भिंतीकडे एक वाट जात होती, आणि ती वाट साफ होती. दोन्ही बाजूंना उकिरडा आणि मधून एक पट्टा, कोणी हाताने वेचून काढावा तसा. कागदाचा कपटा नाही, बाटलीचं बूच नाही.

ती त्या पट्ट्यावरून चालत गेली. शेवटी भिंतीला एक फट होती, बारीक माणूस कुशीवर होऊन जाईल एवढी. छोट्याचं निम्मं अंगसुद्धा तिच्यातून गेलं नसतं. ताई अंग चोरून पलीकडे गेली, आणि तेवढ्यात खडीने भरलेला एक ट्रक तिच्यासमोरून धडधडत गेला. त्याच्यामागे दुसरा.

एवढा उकिरडा तिने तुडवला होता. त्या साफ वाटेवरून मात्र ती परत गेली नाही; भिंतीला बाहेरून वळसा घालून फाटकाशी आली.

५

डॉक्टरच्या गॅरेजमध्ये पिशव्या ओळीने ठेवल्या होत्या. ताईने डॉक्टरला आणि मेहुण्याला बोलावून घेतलं होतं, आणि फोटोवाल्यालाही. तिला या पिशव्या उघडायच्या होत्या.

डॉक्टरने नाक मुरडलं. सुट्टीच्या दिवशी शहराची घाण वेचणाऱ्या या माणसांपैकी कोणालाही ती घाण पुन्हा बघायची नव्हती. पिशवीला एकदा गाठ मारली की ती फक्त वजन असे. मेहुणा दाराशी उभा राहिला. फोटोवाला म्हणाला, ताई, रोगराई होईल, कशाला हात घालता. तो हे अगदी काळजीने म्हणाला.

हिरव्या दोऱ्याची पिशवी कोणाची, असं तिने डॉक्टरला विचारलं. ती फोटोवाल्याची. कधी आणली? डॉक्टरला पक्कं आठवत होतं. पहिला सापडला त्याच दिवशी, पण सकाळी, दवाखाना उघडायच्या आधी. फोटोवाला नेहमीसारखा पिशवी ठेवून, नमस्कार करून गेला होता. पहिला सापडला दुपारी.

ताईने दवाखान्यातले हातमोजे चढवले आणि पिशवी जमिनीवर उपडी केली. सगळे मागे सरले. ती मात्र गुडघ्यांवर बसली आणि एकेक वस्तू बाजूला काढू लागली. पाकिटं, बुचं, कागदी पेले. मग तिच्या हाताला गुंडाळी केलेली काहीतरी लांबलचक वस्तू लागली. तिने ती उलगडली.

लाल-पांढरी फीत होती.

६

फोटोवाला लगेच म्हणाला, की ती त्याला भलतीकडे सापडली असेल, अशा फिती शहरात पैशाला पासरी मिळतात. ताईने मान हलवली. नुसत्या फितीचं तिला एवढं कौतुक नव्हतं. तिने चिप्सची दोन पाकिटं उचलून उजेडात धरली.

"यावर काय आहे, डॉक्टर?"

डॉक्टरने लांबूनच पाहिलं. पाकिटांवर काळे शिंतोडे होते, वाळलेले. फितीवरही होते. कागदी पेल्यांवरही, पण एकाच बाजूला. वास तोच होता, गॅरेजभर पसरलेला, आणि मेहुण्याने तो दोर ओढताना घेतला होता. तो बाहेर जाऊन उभा राहिला.

ताई सांगू लागली. तो गाळ झाकणाखाली निपचित पडून असतो, आपणहून उडत नाही. वरून जड काहीतरी कोसळलं तरच उडतो, आणि टाकीच्या काठाला पडलेल्या कचऱ्यावर बसतो. कुत्रं पडलं तेव्हा फीत बांधलेलीच नव्हती, आणि शिंतोडे फितीवरही आहेत; म्हणजे हा कचरा वेचला गेला तो पहिला पडल्यानंतर. आणि पिशवी इथे आली ती पहिला सापडण्याच्या आधी. मधल्या वेळात तो टाकीत आहे हे एकाच माणसाला ठाऊक होतं. खडीचे ट्रक फाटकाकडून ऐकू येत नाहीत, मागच्या फटीशीच येतात, हेही त्याच माणसाला ठाऊक होतं, जो तिकडे कधी फिरकला नव्हता.

"आदल्या संध्याकाळी तूच तिथे सगळ्यात आधी पोचलास," ती फोटोवाल्याला म्हणाली. आता तिने त्याला अहोजाहो करणं सोडलं होतं. "छोट्याचा पत्रा वाचलास. डबी पायरीखाली तुझी वाट बघत होती, कोरी. सही केली असतीस तर जन्मात एकदा तू पहिला झाला असतास. ते सोडून तू फीत काढून काठावरच्या कचऱ्यात टाकलीस, पत्रा बदललास, आणि सकाळी मागून येऊन बसलास. कशाला?"

फोटोवाल्याने एक बूच पायाने बाजूला सारलं. मग पिशवीतल्या घाणीकडे बघत म्हणाला, "मला त्याचा एक फोटो हवा होता. बरबटलेला. फक्त एक. पानावर टाकला असता, लोक हसले असते. मला वाटलं गुडघाभर असेल."

"आणि गुडघाभर नाही हे कळल्यावर?"

"वास फार होता, ताई. मला जवळ जाववेना."

"तो ओरडत होता?"

"थोडा वेळ."

"आणि तू परत निघालास."

"हो."

"कचरा वेचत."

त्याने वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच गोंधळ होता, आत्ताच कोणीतरी त्याला ही गोष्ट दाखवून दिल्यासारखा. "ते सवयीने झालं," तो म्हणाला. "परत येताना हात आपोआप खाली जातो."

डॉक्टरने पोलिसांना फोन लावला. ताईने हातमोजे काढले आणि कोपऱ्यातल्या नळाखाली हात धुतले. साबण लावून धुतले, परत लावून धुतले. तिने आजवर पैशासाठी घर जाळणारी माणसं पाहिली होती, आणि त्यांचाही तिला तिटकारा आला होता. पण ती माणसं निदान पळाली तरी होती. हा वाकत, थांबत, बुचं गोळा करत गेला होता, आणि मागे माणूस हाका मारत होता.

पोलीस त्याला घेऊन गेल्यावर डॉक्टरने घसा खाकरला. हिरव्या दोऱ्याची पिशवी आता वजनात धरता येणार नाही, असं तो अर्धवट स्वतःशीच म्हणाला. ताईने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने पुढचं वाक्य गिळलं.

७

छोट्याला तिने घरी येऊन सगळं सांगितलं. फक्त ओरडण्याचं तेवढं खालच्या आवाजात सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला, परत घातला. तुझे आकडे बरोबर होते, असं ती पुन्हा म्हणाली. पोलिसांना फोटोवाल्याच्या घरी छोट्याचा मूळ पत्रा सापडला होता, एकही आकडा न चुकलेला. छोट्याने मान डोलावली, पण त्याला हलकं वाटल्याचं दिसेना. वहिनींना तू सांगशील का, असं त्याने विचारलं. आपण दोघं जाऊ, ताई म्हणाली.

पहिल्याच्या बायकोला बातमी आधीच कळली होती. तिने दार उघडलं आणि छोट्याकडे बघून नुसती बाजूला झाली. आत खोलीत मधल्या भिंतीवर पहिल्याचा मोठा फोटो लावला होता. फार सुरेख फोटो. पहिला डोंगरमाथ्यावर उभा, वाऱ्याने केस उडालेले, तोंडभर हसू. ताईला विचारावं लागलं नाही. फ्रेमच्या कोपऱ्यात स्टुडिओचा शिक्का होता.

"सांत्वनाला आला होता तेव्हा घेऊन आला," पहिल्याची बायको म्हणाली. "माझ्यासमोर रडला. मी त्याला चहा करून दिला."

ती खुर्चीवर चढली आणि तिने तो फोटो उतरवला. उतरवल्यावर त्याचं काय करावं हे तिला कळेना, म्हणून ती तो छातीशी धरून तशीच उभी राहिली. मग टेबलावर ठेवलेल्या अल्बमांकडे तिने बोट दाखवलं. सकाळपासून ती ते उलटत होती. लग्नाचे फोटो, दुकान उघडलं तेव्हाचे, मुलीच्या वाढदिवसाचे, गटाच्या सहलींचे. सगळे त्यानेच काढलेले. तो मित्र होता, तर दुसऱ्या कोणाकडे कशाला जायचं.

"प्रत्येक फोटोत हा फोटो काढणाऱ्याकडे बघून हसतोय," ती म्हणाली. "एकूण एक. मी आता काय लावू तिथे?"

ताईला वाटलं, की त्या माणसाने मेलेल्यालाही स्वच्छ ठेवलं नाही.

छोट्याने खिशातून मोबाइल काढला. दोन्ही अंगठ्यांनी तो बराच वेळ पडदा सरकवत राहिला, तोंडातल्या तोंडात पुटपुटत. मग त्याने भीत भीत तो पुढे केला. त्याच्या दुकानातला फोटो होता, हललेला, अर्धा भाग छोट्याच्याच बोटाने झाकलेला. नवीन चष्म्याच्या काड्या पहिल्याच्या कानांवर तिरक्या बसल्या होत्या, डोळे मिटलेले होते आणि तोंड काहीतरी खाताना भरलेलं.

"मला काढता येत नाही, वहिनी," छोट्या म्हणाला. "हा एकच आहे."

तिने मोबाइल हातात घेतला आणि खिडकीशी नेऊन पाहिला. मग पडदा पदराने पुसला, पुन्हा पाहिला.

"हा मोठा करून मिळेल का, भावजी?" तिने विचारलं.